विद्युतवाहकांचे शीतलन आणि वऱ्हाडातील उन्हाळा : परतवाडा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

एखाद्या तारेतून किती वीज वाहू शकते, या प्रश्नाचे सर्वसाधारण उत्तर तारेच्या जाडीवरून दिले जाते. जाड तार अधिक प्रवाह वाहून नेते आणि बारीक तार कमी, ही समजूत चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. धातूतून प्रवाह वाहू लागला की उष्णता निर्माण होते. ही उष्णता तारेबाहेर किती वेगाने निघून जाते, यावरच त्या तारेची खरी क्षमता ठरते. म्हणजे वाहकाची क्षमता हा केवळ धातूचा गुण नसून धातू आणि त्याच्या भोवतालची हवा, माती, तेल किंवा पाणी यांच्यातील संबंधाचा तो परिणाम आहे.

वऱ्हाडात या विधानाला विशेष महत्त्व प्राप्त होते. २०२० च्या मे महिन्यात अकोल्याचे कमाल तापमान ४७ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले होते. गाविलगडच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले परतवाडा व त्याला लागून असलेले अचलपूर हा परिसरही याच उष्ण पट्ट्यात मोडतो. एप्रिल आणि मे महिन्यांत येथे घरोघरी कूलर सुरू असतात. अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी, वरुड या संत्रापट्ट्यात आंबिया बहाराची फळे झाडावर असल्याने बागांना पाणी देणे अपरिहार्य असते. विजेची गरज अशी शिगेला पोहोचते, तेव्हाच तारांची वीज वाहण्याची क्षमता वर्षातील नीचांकावर असते. प्रस्तुत लेखात या विसंगतीमागील भौतिक कारणे, वाहकांच्या शीतलनाच्या प्रचलित पद्धती आणि त्यांचा या परिसराच्या वीजपुरवठ्याशी असलेला संबंध यांचा विचार केला आहे.

उष्णतेचा ताळेबंद

वाहकात निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाचा वर्ग आणि वाहकाचा रोध यांच्या गुणाकाराइतकी असते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. शिवाय तापमान वाढले की ॲल्युमिनियमचा रोधही वाढतो. वीस अंशांवरून पंचाहत्तर अंशांवर गेल्यास ही वाढ सुमारे २२ टक्के असते. म्हणजे तापलेली तार त्याच प्रवाहाला अधिकच तापते.

उघड्या आकाशाखालील तारेला दोन बाजूंनी उष्णता मिळते : एक प्रवाहामुळे आतून आणि दुसरी सूर्यकिरणांमुळे बाहेरून. ती उष्णता दोन मार्गांनी निघून जाते. पहिला मार्ग अभिसरणाचा, म्हणजे वाऱ्याने वाहून नेण्याचा. दुसरा प्रारणाचा, म्हणजे अदृश्य उष्णताकिरणांच्या रूपाने बाहेर पडण्याचा. मिळणारी आणि जाणारी उष्णता समान झाली की तारेचे तापमान स्थिर होते. ॲल्युमिनियमच्या पोलादी गाभ्याच्या तारांसाठी भारतात सर्वसाधारणपणे ७५ अंशांची मर्यादा धरली जाते. या मर्यादेत राहून जितका प्रवाह नेता येतो, तितकीच त्या क्षणी तारेची क्षमता समजावयाची.

हे उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. ३३ किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर वापरली जाणारी ‘डॉग’ या सांकेतिक नावाची तार १४.१५ मिलिमीटर व्यासाची असून २० अंशांना तिचा रोध किलोमीटरला सुमारे ०.२८ ओहम असतो. सूर्यप्रकाशाची तीव्रता दर चौरस मीटरला १००० वॅट, तारेची शोषकता ०.८, उत्सर्जकता ०.४५ आणि वारा तारेला काटकोनात वाहणारा धरून या तारेची क्षमता मोजली असता पुढील अंदाजी आकडे मिळतात.

तक्ता क्र. १ : तारेचे तापमान ७५ अंशांपर्यंत मर्यादित ठेवल्यास नेता येणारा प्रवाह

१) हवा ३० अंश, वारा सेकंदाला ०.६ मीटर, ऊन : सुमारे ३३५ अँपिअर
२) हवा ४५ अंश, वारा सेकंदाला ०.६ मीटर, ऊन : सुमारे २५५ अँपिअर
३) हवा ४५ अंश, वारा सेकंदाला १.२ मीटर, ऊन : सुमारे ३१५ अँपिअर
४) हवा ४५ अंश, हवा स्तब्ध, ऊन : सुमारे ११५ अँपिअर
५) हवा ३५ अंश, वारा सेकंदाला ०.६ मीटर, रात्र : सुमारे ३६० अँपिअर

या तक्त्यावरून तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली, हवेचे तापमान १५ अंशांनी वाढल्याने तारेची क्षमता जवळपास एकचतुर्थांशाने घटते. दुसरी, सूर्याचा वाटा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. ४५ अंशांच्या दुपारी वरील तार दर मीटरला एकूण सुमारे साडेतेहतीस वॅट उष्णता बाहेर टाकू शकते. त्यांपैकी अकरा वॅटहून अधिक हिस्सा केवळ उन्हाची उष्णता घालविण्यात खर्च होतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वारा. तापमानातील फरकापेक्षाही वाऱ्यातील फरक अधिक निर्णायक आहे. गालाला जेमतेम जाणवेल अशी झुळूक थांबली तरी तारेची क्षमता निम्म्याहून खाली येते.

वाऱ्याची दिशा आणि डोंगराचा पायथा

वारा तारेला काटकोनात वाहतो तेव्हा शीतलन सर्वाधिक होते. तारेला समांतर वाहणारा वारा त्याच वेगाचा असला तरी त्याची परिणामकारकता चाळीस टक्क्यांच्या आसपासच राहते. वऱ्हाडात उन्हाळ्यातील वारे प्रामुख्याने पश्चिम आणि वायव्य दिशांकडून येतात. परतवाड्याहून अमरावतीकडे सरळ रेषा ओढली तर तीही साधारणपणे वायव्येकडून आग्नेयेकडे जाते. त्या दिशेने धावणाऱ्या कोणत्याही वाहिनीला वायव्येचा मंद वारा असूनही स्तब्ध हवेहून फारसा अधिक लाभ होणार नाही. याउलट, त्याच वाहिनीचा एखादा फाटा ईशान्येकडे किंवा नैर्ऋत्येकडे वळत असेल तर तेथील तार त्याच प्रवाहाला कमी तापेल.

डोंगराच्या सान्निध्याचाही विचार करावा लागतो. दरीतील, दाट झाडीतील किंवा दाटीने बांधलेल्या वस्तीतील तारेला वारा कमी मिळतो. वाहिनी अनेक किलोमीटर लांब असली तरी तिची क्षमता तिच्या सर्वांत निवाऱ्याच्या टप्प्यावरून ठरते. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे घाट चढणाऱ्या तारेला माथ्यावर थंड हवा आणि मोकळा वारा मिळेल. परंतु पायथ्याच्या आडोशात तिला ती सवलत नाही. साखळीची ताकद तिच्या कमकुवत कडीइतकी असते, हे येथे शब्दशः खरे ठरते.

तापलेल्या तारेचा झोळ

तार तापली की ती लांबते. १०० मीटर अंतराच्या दोन खांबांमध्ये ३० अंशांना दीड मीटर झोळ असलेली ‘डॉग’ तार ७५ अंशांपर्यंत तापली, तर तिची लांबी केवळ आठ-नऊ सेंटिमीटरने वाढते. परंतु या अल्पशा वाढीने तारेचा झोळ सुमारे पाऊण मीटरने वाढतो. शेतातून जाणाऱ्या वाहिनीखालून कडब्याने भरलेली गाडी किंवा संत्र्याच्या पेट्या रचलेला ट्रक जात असेल, तर या पाऊण मीटरचे मोल जिवाइतके असू शकते.

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात सुमारे पाच कोटी लोकांचा वीजपुरवठा खंडित झाला. त्या दिवशी ओहायो राज्यात ३४५ किलोव्होल्टच्या तीन वाहिन्या वाढलेल्या झाडांना टेकून एकामागून एक बंद पडल्या होत्या. त्या तारांतील प्रवाह त्यांच्या निर्धारित क्षमतेपेक्षा कमी होता, हे तेथे लक्षणीय होय. झाडांची छाटणी न झाल्याने तारेला झोळ घेण्यास जागाच उरली नव्हती. पावसाळ्यापूर्वी वाहिन्यांखालील फांद्या तोडण्याचे काम आपल्याकडेही नित्याचे आहे. त्याचा संबंध केवळ वादळाशी नसून शीतलनाशीही आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

जोड : जेथे तार प्रथम जळते

व्यवहारात संपूर्ण तार तापून निकामी होण्याचे प्रसंग कमी. बहुतेक बिघाड जोडावर, जंपरवर किंवा रोहित्राच्या लगवर होतात. ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग हवेत उघडा पडताच त्यावर ऑक्साइडचा पातळ आणि वीजरोधक थर जमतो. जोड नीट घासून, योग्य मलम लावून आणि पुरेसा आवळून केला नसेल, तर प्रवाह मोजक्या स्पर्शबिंदूंतूनच जातो. तांब्याला ॲल्युमिनियम थेट जोडल्यास ओलाव्यामुळे दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि रोध आणखी वाढतो.

चांगल्या जोडाचा रोध ०.१ मिलिओहम असेल, तर २५० अँपिअर प्रवाहाला तेथे सुमारे सहा वॅट उष्णता निर्माण होते. हाच रोध १ मिलिओहम झाला तर ती बासष्ट वॅटच्या पुढे जाते. तुलनेसाठी, त्याच प्रवाहाला ‘डॉग’ तारेच्या संपूर्ण एक मीटर लांबीत सुमारे एकवीस वॅट उष्णता निर्माण होते. म्हणजे तारेच्या मीटरभर पृष्ठभागावरून जी उष्णता बाहेर पडावयाची, तिच्या तिप्पट उष्णता मूठभर आकाराच्या जोडात कोंडते. जोड दिवसा तापतो, प्रसरण पावतो. रात्री थंड होऊन आकसतो आणि प्रत्येक फेऱ्यात अधिक सैल होतो. सैल झाल्याने रोध वाढतो आणि रोध वाढल्याने तो अधिक तापतो. हे दुष्टचक्र मार्चमध्ये सुरू होते आणि त्याचा शेवट मेमध्ये जंपर जळण्यात होतो.

रोहित्राच्या कमी दाबाच्या बाजूला ही समस्या अधिक तीव्र असते. ४३३ व्होल्टला १०० केव्हीए रोहित्राचा पूर्णभार प्रवाह सुमारे १३३ अँपिअर आणि २०० केव्हीए रोहित्राचा सुमारे २६७ अँपिअर असतो. गावातील एका साध्या रोहित्राच्या लगमधून जाणारा प्रवाह अशा रीतीने ३३ किलोव्होल्टच्या संपूर्ण वाहिनीशी बरोबरी करतो. त्यातच दाब कमी झाला की पंपाची मोटर तेवढ्याच कामासाठी अधिक प्रवाह घेते. दाब १० टक्क्यांनी घटल्यास प्रवाह सुमारे ११ टक्क्यांनी आणि तारेतील उष्णता सुमारे २३ टक्क्यांनी वाढते.

काळी माती आणि भूमिगत केबल

तारा जमिनीखाली घेतल्या की ऊन आणि वारा यांचा प्रश्न सुटतो, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मग शीतलनाचे काम मातीवर येऊन पडते आणि वऱ्हाडची काळी माती या बाबतीत मोठी लहरी आहे. ओली असताना ती उष्णता बऱ्यापैकी वाहून नेते. कोरडी झाली की तिचा उष्णतारोध दुपटी-तिपटीने वाढतो. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि भेगांतील हवा तर उष्णतेची दुर्वाहकच होय. शिवाय केबलच्या उष्णतेनेही लगतच्या मातीतील ओल दूर सरते.

जमिनीखाली ९० सेंटिमीटरवर टाकलेली ६० मिलिमीटर व्यासाची केबल दर मीटरला ३० वॅट उष्णता बाहेर टाकत आहे, असे समजू. मातीचा उष्णतारोध १ एकक असेल तर केबलचा पृष्ठभाग सभोवतालच्या मातीपेक्षा सुमारे २० अंशांनी तापेल. हाच रोध अडीच एकक झाला तर ही वाढ सुमारे ४९ अंशांवर जाईल. मातीचे मूळ तापमान ३० अंश धरल्यास पृष्ठभागच ७९ अंशांवर पोहोचतो. आतील धातू याहूनही अधिक तापलेला असतो आणि एक्सएलपीई आवरणाच्या केबलसाठी मर्यादा ९० अंशांची आहे.

न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात १९९८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे तेथील कडक उन्हाळ्यात, मध्यवर्ती भागाला वीज देणाऱ्या चार प्रमुख भूमिगत केबल एकापाठोपाठ निकामी झाल्या आणि तो भाग सुमारे पाच आठवडे नियमित विजेपासून वंचित राहिला. केबलभोवतीच्या मातीची उष्णता वाहून नेण्याची क्षमता गृहीत धरल्यापेक्षा कमी होती, ही बाब त्यानंतरच्या चौकशीत पुढे आली. म्हणून केबल टाकताना चर खोदून निघालेली काळी माती पुन्हा तिच्याभोवती न लोटता, योग्य प्रतवारीची वाळू किंवा उष्णतावाहक भराव दाबून भरणे हा काटकसर करण्याचा विषय नव्हे.

तेल, हायड्रोजन आणि पाणी

प्रवाह हजारो अँपिअरचा झाला की नैसर्गिक हवा पुरत नाही आणि शीतलनाची कृत्रिम व्यवस्था करावी लागते. रोहित्रात हे काम तेल करते. वेटोळ्यांभोवतीचे तेल तापून वर चढते, बाहेरील नळ्यांतून थंड होऊन खाली उतरते आणि कोणत्याही पंपाविना हे चक्र चालू राहते. मोठ्या रोहित्रांच्या नळ्यांवर पंखे बसविले जातात. भारतीय मानकांत रोहित्रासाठी हवेचे कमाल तापमान ५० अंश आणि दिवसाची सरासरी ४० अंश धरली आहे. वेटोळ्यांवरील कागदी आवरण मर्यादेहून अधिक तापले की प्रत्येक सहा अंशांच्या वाढीला त्याच्या जीर्ण होण्याचा वेग दुप्पट होतो. त्यामुळे तेलाची पातळी घटलेले किंवा नळ्यांवर धुळीचे थर साचलेले रोहित्र त्या दिवशी जळाले नाही, तरी त्याचे आयुष्य मात्र निश्चितपणे कमी होत असते.

अकोला जिल्ह्यातील पारस औष्णिक विद्युत केंद्रात प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. अशा जनित्राचा दाब साडेसोळा किलोव्होल्ट आणि शक्तिगुणांक ०.८५ धरला, तर त्याच्या वेटोळ्यांतून सुमारे १०,३०० अँपिअर प्रवाह वाहतो. दीड टक्का हानी गृहीत धरली तरी जवळपास पावणेचार मेगावॅट उष्णता सतत बाहेर काढावी लागते. या क्षमतेच्या जनित्रांत त्यासाठी हवेऐवजी हायड्रोजन वापरण्याचा प्रघात आहे. हायड्रोजनची घनता हवेच्या सुमारे चौदाव्या हिश्शाइतकी असल्याने फिरणाऱ्या भागाला घर्षण कमी होते आणि त्याची उष्णतावाहकता हवेच्या जवळपास सातपट असते. त्याहून मोठ्या जनित्रांत पोकळ तांब्याच्या वाहकांतून थेट शुद्ध पाणी खेळविले जाते. समान आकारमानाचे पाणी समान तापमानवाढीसाठी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते.

पाण्याच्या शीतलनाची दोन उदाहरणे महाराष्ट्रातच आढळतात. जालन्याच्या पोलाद उद्योगातील प्रेरण भट्ट्यांची वेटोळी पोकळ तांब्याच्या नळीची असतात आणि त्या नळीतून पाणी वाहत असते. हे पाणी जड असेल तर नळीत क्षारांचा थर बसतो, उष्णता अडते आणि तांबे वितळण्याचा धोका संभवतो. दुसरे उदाहरण चंद्रपूर ते पडघे या १९९९ मध्ये कार्यान्वित झालेल्या ५०० किलोव्होल्टच्या एकदिश प्रवाह वाहिनीचे. सुमारे ७५२ किलोमीटर लांबीच्या या वाहिनीची क्षमता १५०० मेगावॅट असून तिच्या दोन्ही टोकांच्या थायरिस्टर संचांना क्षारविरहित पाण्याने थंड ठेवले जाते. पाणी विजेच्या इतक्या निकट नेताना ते वीजवाहक नसावे, म्हणून ते सतत शुद्ध करावे लागते.

दिवसाची वीज आणि रात्रीची वीज

वरील विवेचनाचा सर्वांत व्यावहारिक संबंध शेतीच्या वीजपुरवठ्याशी येतो. कृषी वाहिन्यांना आळीपाळीने दिवसा आणि रात्री वीज देण्याची पद्धत महाराष्ट्रात दीर्घकाळ रूढ राहिली. रात्री पाणी देण्यास जाणे शेतकऱ्याला कष्टाचे आणि धोक्याचे असते. साप, विंचू आणि मेळघाटालगतच्या गावांत वन्यप्राणी यांचे भय वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. दिवसा वीज मिळावी, ही मागणी त्यामुळे सर्वथा न्याय्य आहे. तारेच्या दृष्टीने मात्र रात्र अनुकूल असते : तक्त्यानुसार वाराच थांबला नाही तर रात्री ३६० अँपिअर नेणारी तार मे महिन्याच्या दुपारी २५५ अँपिअरच नेऊ शकते.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा विचार या संदर्भात करता येईल. उपकेंद्रालगत लहान सौर प्रकल्प उभारून कृषी वाहिन्यांना दिवसा वीज देणे, हे तिचे स्वरूप आहे. वीज उपकेंद्राजवळच निर्माण झाल्याने उपकेंद्रापर्यंत येणाऱ्या ३३ किलोव्होल्टच्या वाहिनीवरील भार हलका होतो. परंतु उपकेंद्रापासून शेतापर्यंतची ११ किलोव्होल्टची तार, रोहित्र आणि लघुदाब वाहिनी यांच्यावरील भार मात्र रात्रीतून निघून भर दुपारी येतो. दिवसाची वीज शेतकऱ्यापर्यंत खात्रीने पोहोचावयाची असेल, तर या शेवटच्या टप्प्यातील तारांची क्षमता दुपारच्या तापमानाला धरून नव्याने तपासणे आवश्यक ठरते. वीजजाळ्याशी न जोडलेल्या सौर पंपांमुळे हा भार काही अंशी टळतो.

उपाययोजना

तार बदलणे हा एकमेव मार्ग नव्हे. अवरक्त कॅमेऱ्याने जोडांची तपासणी फेब्रुवारी-मार्चमध्येच, तीही भार असताना, केल्यास तापणारा जोड जळण्यापूर्वी सापडतो. जंपर आणि लग पुन्हा आवळणे, तांबे-ॲल्युमिनियम जोडासाठी द्विधातू लग वापरणे, रोहित्रातील तेलाची पातळी राखणे, पंपांना योग्य क्षमतेचे कपॅसिटर बसवून प्रवाह कमी करणे हे उपाय अल्पखर्चाचे आहेत. अधिक भार असलेल्या वाहिन्यांसाठी उच्च तापमानाला कमी झोळ घेणाऱ्या नव्या प्रकारच्या तारा त्याच मनोऱ्यांवर बसविता येतात. तारेचे तापमान, झोळ आणि वारा प्रत्यक्ष मोजून तासातासाला क्षमता ठरविण्याचे तंत्रही आता उपलब्ध आहे.

या कामी महाविद्यालयांनाही वाटा उचलता येईल. भौतिकशास्त्र विभागाला आपल्या परिसरातील वाऱ्याचा वेग आणि तापमान यांच्या तासवार नोंदी ठेवता येतील. भूगोल विभागाला त्या नोंदी भूरूपाशी जोडता येतील. कृषी आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना सिंचनाच्या वेळा व मागणी यांचा अभ्यास करता येईल. या तिन्ही नोंदी एकत्र आल्यास स्थानिक वाहिन्यांची उन्हाळी क्षमता अधिक वास्तव पद्धतीने ठरविता येईल.

निष्कर्ष

विद्युतवाहकाची क्षमता हा त्याच्यावर कोरलेला कायमचा आकडा नाही. ती ऋतूनुसार, प्रहरानुसार, वाऱ्याच्या दिशेनुसार आणि मातीतील ओलीनुसार बदलते. वऱ्हाडात मागणीचा उच्चांक आणि क्षमतेचा नीचांक एकाच दुपारी येतात आणि त्यांचा सामना तारेच्या मध्यभागी नव्हे, तर एखाद्या सैल जोडावर किंवा भेगाळलेल्या मातीतील केबलवर होतो. म्हणून या प्रदेशातील वीजपुरवठ्याचे नियोजन करताना किती वीज उपलब्ध आहे, एवढाच प्रश्न विचारून भागणार नाही. ती वाहून नेताना निर्माण होणारी उष्णता मे महिन्याच्या दुपारी कोठे जाणार, हा प्रश्नही तितक्याच गांभीर्याने विचारला पाहिजे.